कॅनन म्हणजे दिलेला शब्द

माझा भाचा १४ वर्षांचा आहे. जोकर नेमका कसा मेला यावरून मध्यंतरी आमची चांगलीच जुंपली. विषय होता 'बॅटमॅन बियॉन्ड : रिटर्न ऑफ द जोकर' या ॲनिमेशनपटातला फ्लॅशबॅक. जोकरने टिम ड्रेकला, म्हणजे पोरसवदा रॉबिनला, पळवून नेलंय. छळ करून करून त्याला स्वतःसारखंच हसायला लावलंय. शेवटी तो टिमच्या हातात पिस्तूल देतो आणि बॅटमॅनला संपव म्हणून सांगतो. पुढे काय होतं? भाचा म्हणाला, "मामा, टिम जोकरला धक्का देतो, जोकर तारांत अडकतो आणि शॉक लागून मरतो." मी म्हटलं, छे, टिम पिस्तूल जोकरकडेच वळवतो आणि चाप ओढतो, नळीतून निशाण लावलेला भाला सुटतो आणि जोकरच्या छातीत घुसतो. त्याने शपथ घेतली, मीही घेतली. दोघांनीही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं होतं आणि दोघंही खरं बोलत होतो.

चित्रपट एकच, मरणं दोन. १९९९ मध्ये कोलंबाइनच्या शाळेत गोळीबार झाला आणि मुलांच्या कार्यक्रमांतल्या हिंसेवरून अमेरिकेत वातावरण तापलं. त्यामुळे डिसेंबर २००० मध्ये जो चित्रपट लोकांच्या हाती पडला तो काटछाट केलेला होता. मूळ आवृत्ती २००२ मध्ये बाहेर आली. भाच्याला पहिली मिळाली होती, मला दुसरी.

हे सगळं सांगून झाल्यावर त्याने विचारलं, "बरं, पण मग खरं काय घडलं?"

काल्पनिक माणसांबद्दल असं विचारणं अनेक मोठ्यांना पोरकट वाटतं. मला हा प्रश्न रास्त वाटतो, कारण टिमचं पुढचं सगळं आयुष्य त्याच्या उत्तरावर उभं आहे. एका आवृत्तीत तो झटापटीत धक्का देतो आणि बाकीचं वीज करते. दुसरीत एका मुलाने समोरच्या माणसावर नेम धरलाय आणि चाप ओढलाय. प्रौढ झालेला जो टिम आपल्याला नंतर भेटतो, रॉबिन असण्याच्या दिवसांबद्दल ज्याच्या तोंडून फक्त कडवटपणा बाहेर पडतो, तो मला दुसऱ्या मुलाचा मोठा झालेला माणूस वाटतो. टिमला पुन्हा रॉबिन होऊ द्यायचं नाही, हा ब्रूस वेनचा, म्हणजे बॅटमॅनचा, निर्णयही दुसऱ्याच प्रसंगाने पूर्ण पटतो. म्हणून माझ्या लेखी मूळ आवृत्ती हेच कॅनन, म्हणजे त्या विश्वात खरोखर घडलेलं धरायचं ते. ती आधी बनली किंवा जास्त रक्तरंजित आहे म्हणून नव्हे. पुढच्या गोष्टीला तिची गरज आहे म्हणून.

माझा मुद्दा याच वाक्यात आहे. सुपरहिरोंच्या चाहत्यांत कॅननवरून जे रण माजतं, त्यात 'कॅनन' हा शब्द बहुतेक वेळा शिक्क्यासारखा वापरला जातो : अमुक गोष्ट खरी, तमुक खोटी; अमुक वरच्या पायरीवरची, तमुक खालच्या. माझं म्हणणं असं, की कॅनन म्हणजे गोष्ट सांगणाऱ्याने प्रेक्षकाला दिलेला शब्द असतो. 'हे घडलं आहे, आणि यापुढे आम्ही ते विसरणार नाही' हा शब्द. तो पाळला गेला की नाही, एवढ्याच कसोटीवर भांडण व्हावं.

हा शब्द मुळात चर्चच्या दप्तरातला. कोणते ग्रंथ पवित्र मानायचे याची ती यादी. १९११ मध्ये रोनाल्ड नॉक्स यांनी शेरलॉक होम्सच्या कथांवर धर्मग्रंथांच्या अभ्यासकांच्या थाटात एक निबंध लिहिला आणि तेव्हापासून हा शब्द गोष्टींच्या जगात रुळला. आपल्याकडे जुन्या पोथ्यांच्या अभ्यासात यापेक्षा नेमके शब्द आहेत : प्रमाण, प्रक्षिप्त (मागाहून घुसडलेलं) आणि पाठभेद. शेवटचा शब्द मला विशेष मोलाचा वाटतो. पाठभेद म्हणजे खोटेपणा नव्हे. एकच ओळ दोन पोथ्यांत दोन प्रकारे येते, अभ्यासक दोन्ही नोंदवतो आणि मग आपला कौल कारणासह देतो. चाहत्यांच्या भांडणात नेमकी हीच मधली जागा हरवलेली असते. एक तर प्रमाण, नाहीतर कचरा.

या शिक्केबाजीत सर्वांत जास्त अन्याय झाला तो ॲनिमेशनवर. उतरंड ठरलेली : वर मुख्य कॉमिक्स, अलीकडच्या काळात त्यांच्या शेजारी कोट्यवधी डॉलरचे चित्रपट आणि तळाशी 'मुलांची कार्टून'. कार्टूनमध्ये घडलं ते मोजायचं नाही, असा अलिखित नियम. आता हा नियम इतिहासाला लावून पाहू. सुपरमॅनचा जन्म १९३८चा आणि सुरुवातीला तो उडत नसे, उंच उड्या मारत असे. त्याचं उडणं लोकांच्या डोळ्यांत बसवलं ते फ्लायशर स्टुडिओच्या १९४१ पासूनच्या कार्टूनपटांनी. त्याला दुबळं करणारं क्रिप्टोनाइट आलं १९४३ मध्ये, तेही रेडिओवरून. फायरस्टार ही नायिका १९८१ मध्ये स्पायडर-मॅनच्या एका कार्टून मालिकेसाठी घडवली गेली आणि कॉमिक्सच्या मुख्य प्रवाहात पोचली १९८५ मध्ये. एक्स-२३ म्हणजे लॉरा 'एक्स-मेन : इव्होल्यूशन' या मालिकेत २००३ मध्ये जन्मली, कॉमिक्समध्ये आली पुढच्या वर्षी.

हार्ली क्विनचं तर विचारूच नका. सप्टेंबर १९९२ मध्ये 'बॅटमॅन : द ॲनिमेटेड सिरीज'च्या एका भागात पॉल डिनी आणि ब्रूस टिम यांनी जोकरला एक साथीदारीण दिली. एका भागापुरतीच. आर्लीन सॉर्किन यांच्या आवाजाने ती जिवंत झाली आणि राहिली. मालिकेला जोडून निघणाऱ्या कॉमिकमध्ये ती १९९३ मध्येच आली होती, पण ते 'कार्टूनचं कॉमिक' म्हणून मोजायचं नाही. मुख्य विश्वात तिला प्रवेश मिळाला १९९९ मध्ये. म्हणजे सात वर्षं ती जगभरच्या मुलांच्या मनात होती, तिच्यावर लोक जीव टाकत होते आणि अधिकृत यादीप्रमाणे ती अस्तित्वातच नव्हती. अशी यादी काय मोजत होती, हा प्रश्न मला आजही पडतो.

मिस्टर फ्रीझचं उदाहरण याहून बोलकं आहे. १९५९च्या कॉमिक्समध्ये हा मिस्टर झिरो नावाचा, थंडीचं हत्यार घेऊन फिरणारा एक किरकोळ खलनायक. मग १९९२ मध्ये 'हार्ट ऑफ आइस' हा साधारण २२ मिनिटांचा भाग आला. त्यात व्हिक्टर फ्राइस नावाचा शास्त्रज्ञ आपल्या आजारी पत्नीला, नोराला, गोठवून जिवंत ठेवायचा प्रयत्न करतो. कंपनीचा मालक पैशांसाठी तो प्रयोग बंद पाडतो आणि त्या झटापटीत व्हिक्टरचं शरीर कायमचं थंड होऊन जातं. शेवटच्या दृश्यात तो कोठडीत बसलाय. समोर काचेच्या गोळ्यात एक छोटी नर्तकी फिरतेय आणि हा माणूस तिच्याकडे बघत पत्नीची क्षमा मागतोय. यात मारामारी नाही, मोठा संवाद नाही. पण त्या दृश्यानंतर फ्रीझ पुन्हा किरकोळ होऊच शकला नाही. काही वर्षांत कॉमिक्सने नोरा जशीच्या तशी स्वीकारली.

२०११ मध्ये डीसीने, म्हणजे बॅटमॅनची कॉमिक्स काढणाऱ्या कंपनीने, आपलं सगळं विश्व नव्याने सुरू केलं आणि २०१२च्या एका अंकात सांगितलं, की नोरा त्याची पत्नी नव्हतीच. ती फार पूर्वी गोठवलेली एक अनोळखी बाई, आणि नवरा-बायकोचं नातं हा व्हिक्टरचा भ्रम. अंकावर अधिकृत नाव होतं, लेखक नावाजलेले होते, शिक्का पक्का होता. तरी ती कल्पना रुजली नाही. पुढे काही वर्षांनी कॉमिक्स पुन्हा पत्नी असलेल्या नोराकडे वळली. कार्टूनच्या त्या भागाने जो शब्द दिला होता, तो लोकांनी मनात जपून ठेवला होता. मालकाने तो मोडला म्हणून लोकांच्या मनातून गेला नाही.

इथे माझ्यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. शब्द मोडता येत नसेल तर गोष्टी पुढे जाणार कशा? १९३८ किंवा १९३९ पासून चालत आलेल्या पात्रांचा प्रत्येक प्रसंग खरा धरला तर त्यांच्या आयुष्याची बेरीजच लागत नाही. १९८५-८६ मध्ये डीसीने 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स'चे बारा अंक काढून आपली असंख्य विश्वं एकात आटवली, ती याच घुसमटीतून. मला हे मान्य आहे. नवी सुरुवात करायला हरकत नाही. उलट नवी सुरुवात हा प्रामाणिक मार्ग आहे, कारण त्यात मालक उघडपणे सांगतो की हा नवा शब्द, जुना संपला. माझी तक्रार वेगळी आहे : जुना शब्द चालू आहे असं भासवायचं, जुने चेहरे आणि जुने आवाज वापरून माणसं गोळा करायची आणि आत मात्र काहीच आठवायचं नाही.

'बॅटमॅन अँड हार्ली क्विन' हा २०१७चा चित्रपट मला याच कारणासाठी खटकतो. रेखाटन ब्रूस टिम यांच्या त्याच शैलीतलं, बॅटमॅनचा आवाज केविन कॉनरॉय यांचाच. पाहणाऱ्याला वाटणारच की ही १९९२ पासूनचीच गोष्ट पुढे चाललीय. पण ज्या विश्वात हार्ली आणि जोकरच्या नात्यातली क्रूरता कधी विसरू दिली गेली नव्हती, त्यातलं फारसं काही या चित्रपटाला आठवत नाही. तो कॅनन आहे की नाही यावर चाहते अजून भांडतात. मी त्याला प्रक्षिप्त म्हणेन. विनोद उथळ आहेत हे त्याचं कारण नाही, उथळ भाग जुन्या मालिकेतही होते. कारण एवढंच, की त्यातलं काहीही काढून टाकलं तरी आधीच्या किंवा नंतरच्या गोष्टीला ओरखडासुद्धा उमटत नाही.

शब्द पाळला की काय मिळतं, ते २०२४ मध्ये दिसलं. 'एक्स-मेन'ची १९९२ ची मालिका पाच सीझन आणि ७६ भागांनंतर सप्टेंबर १९९७ मध्ये संपली होती. 'एक्स-मेन ९७'ने २७ वर्षांनी धागा तिथूनच उचलला. एक्स-मेनचे गुरू प्रोफेसर झेवियर निघून गेलेले, त्यांचं स्वप्न मागे राहिलेल्यांच्या खांद्यावर. वूल्व्हरिन, रोग आणि बीस्ट यांना आवाज देणारे कलाकारही तेच. ही मालिका मार्व्हलच्या मोठ्या चित्रपटविश्वाचा भाग नाही. तिथल्या हिशेबात तिला जागा नाही, म्हणजे उतरंडीप्रमाणे ती 'मोजायची नाही' अशातलीच.

आणि पाचव्या भागात जेनोशा हा म्युटंटांचा देश बेचिराख होतो. गॅम्बिट मरतो. रोग धावत येते, त्याचा देह उचलून छातीशी धरते आणि त्याच्या चेहऱ्यावर उघडा हात ठेवते. रोगच्या स्पर्शाने समोरच्याची शक्ती, त्याच्या आठवणी तिच्यात ओढल्या जातात, म्हणून तिने कुणाला धड हातसुद्धा लावलेला नाही, हे ७६ भागांत ठसवलेलं आहे. गॅम्बिटचं चेष्टेत गुंडाळलेलं प्रेम, तिचं मागे सरकणं, ते हातमोजे. आता ती त्याला स्पर्श करते आणि तिला काहीच जाणवत नाही, कारण ओढून घेण्यासारखं आत काही उरलेलंच नाही. हे दृश्य लिहिणाऱ्याने नवं फार थोडं लिहिलंय. बाकीचं सगळं १९९० च्या दशकात लिहून ठेवलेलं होतं आणि प्रेक्षक ते घेऊन बसला होता. कॅनन कशासाठी हवं, असं मला कुणी विचारलं तर मी हे दृश्य दाखवतो.

आता कंपन्यांच्या दुसऱ्या एका सवयीबद्दल. कॅनन हा शब्द विक्रीसाठी फार सोयीचा आहे. 'यंग जस्टिस' या मालिकेवर माझा जीव आहे, म्हणून हे बोलताना त्रास होतो. तिच्या पहिल्या आणि दुसऱ्या सीझनमध्ये पाच वर्षांची उडी आहे. त्या काळात टूला ही तरुण नायिका मरण पावते, आणि अक्वालॅड हा नायक आपल्या माणसांवर उलटल्याचं जे चित्र उभं केलं जातं त्याच्या मुळाशी तिचा मृत्यू सांगितला जातो. हा मृत्यू मालिकेत दिसत नाही. तो दाखवला गेला नोव्हेंबर २०१३ मध्ये निघालेल्या एका व्हिडिओ गेममध्ये, आणि मालिका तर मार्चमध्येच बंद पडली होती. गेम कॅनन आहे, कॉमिक्स कॅनन आहेत, ती मालिकेच्याच माणसांच्या देखरेखीखाली झाली आहेत, हे सगळं खरं. शब्द पाळला गेलाय. तरी एखाद्या पात्राच्या काळजावरचा सर्वांत मोठा घाव दुसऱ्या दुकानात ठेवायचा, हे मला पटत नाही. फक्त मालिका पाहणाऱ्याला कुणी 'तुला अर्धवटच माहिती आहे' असं म्हणू नये. अर्धवट त्याला ठेवलं गेलंय.

आणि नेमकं तेच आपण चाहते करतो. कॅननच्या नावाखाली उंबरठ्यावर पहारे बसवतो. भाच्याला एकाने विचारलं होतं, 'स्टॅटिक शॉक' कुठून कॅनन धरायचं ते तरी माहीत आहे का? (ती मालिका आधी स्वतंत्र होती, नंतर बॅटमॅनच्या विश्वाला जोडली गेली.) त्याला माहीत नव्हतं. तो पुढे काही बोललाच नाही. कुठल्या भागाने त्याला रडवलं होतं ते तो सांगायला गेला होता, ते राहूनच गेलं. 'बॅटमॅन : द ॲनिमेटेड सिरीज'चे भाग ज्या क्रमाने बनले त्या क्रमाने दाखवलेही गेले नव्हते. पहिला बनलेला भाग 'ऑन लेदर विंग्ज', पण ५ सप्टेंबर १९९२ ला पडद्यावर आला तो कॅटवूमनचा भाग. पहिल्या पिढीने ही मालिका उलटसुलट क्रमानेच पाहिली आणि तरीही तिच्यावर प्रेम केलं. मग आज कुणाकडून प्रवेशपरीक्षा कशाला घ्यायची?

माइल्स मोरालेसच्या वाट्याला तर हे रोजचंच आलं. तो २०११ मध्ये कॉमिक्समध्ये आला, आणि 'खरा' स्पायडर-मॅन एकच, पीटर पार्कर, असं तेव्हापासून त्याला ऐकवलं गेलं. २०२३ च्या 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स'ने हा वाद उचलून थेट गोष्टीतच घातला, आणि माझ्या मते कॅननवरचं आजवरचं सर्वांत धीट विधान तेच आहे. त्यात मिगेल ओहारा हा दुसऱ्या विश्वातला स्पायडर-मॅन माइल्सला सांगतो, की प्रत्येक स्पायडर-मॅनच्या आयुष्यात काही 'कॅनन इव्हेंट' ठरलेले असतात. जवळचा एक पोलीस कॅप्टन मरतो, मरायलाच हवा. तो वाचला तर विश्व कोसळेल. आणि माइल्सचे वडील कॅप्टन होणार आहेत. वर हेही सांगितलं जातं, की माइल्सला चावलेला कोळी दुसऱ्याच विश्वातला, म्हणजे तो मुळात स्पायडर-मॅन व्हायलाच नको होता.

पाहताना मला जाणवलं ते असं : मिगेल जे बोलतो ते कॅनन नाहीच. ते पुनरावृत्तीचं वेळापत्रक आहे. पीटर पार्करच्या काकांचा मृत्यू १९६२ मध्ये एकदा सांगितला गेला आणि तो काळजाला भिडला, कारण पुढे तो मुलगा ते मरण कधी विसरला नाही. पुढच्या प्रत्येकाच्या घरात एक मरण घडवून आणल्याने ती निष्ठा सिद्ध होत नाही. आधी घडलेलं लक्षात ठेवणं वेगळं, आणि आधी घडलं म्हणून पुन्हा घडवणं वेगळं. माइल्स जेव्हा नकार देऊन पळतो आणि सगळे स्पायडर-मॅन त्याच्या मागे लागतात, तेव्हा त्या गर्दीत मला आपण चाहते दिसतो. सगळे सज्जन, सगळ्यांनी काही ना काही गमावलेलं, आणि सगळे एका पोराच्या मागे, कारण यादीत त्याचं नाव नाही.

त्याच गर्दीत क्षणभर 'द स्पेक्टॅक्युलर स्पायडर-मॅन'चा पीटर दिसतो, जॉश कीटन यांच्या मूळ आवाजात. भाच्याने मला हलवून विचारलं, "हा कोण?" मग आम्ही ती २००८-०९ ची मालिका काढली आणि काही दिवसांत सगळे २६ भाग पाहून संपवले. शेवटच्या भागात ग्वेन पीटरकडे यायचं ठरवते, पण वडील नॉर्मन गेल्याच्या दुःखात तिचा प्रियकर हॅरी तिचा हात सोडत नाही आणि ती थांबते. मेला असं सगळ्यांना वाटतंय तो नॉर्मन वेष पालटून निघून जातो. आणि पडदा काळा. ॲनिमेशन मालिकांचे हक्क सोनीकडून मार्व्हलकडे परत गेले आणि मालिका तिथेच थांबली. कुणी ती खोटी ठरवली नाही, कुणी पूर्णही केली नाही. मोठ्या चित्रपटातल्या त्या एका झलकेने तिच्यावर शिक्का मात्र बसला.

भाचा बराच वेळ त्या काळ्या पडद्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पुढचा भाग लाव ना."